साफ केलेली मारांडी

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर होती. वडील भाईंदर पूर्वेच्या एका लहान छापखान्यात ट्रेडल मशीनवर होते. मराठवाड्यातून आले तेव्हा त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. पुढचं वाचन ते अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकले, आधी उलटं आणि मग सुलटं. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची, काम संपलं की सभेची, मोर्चाची, जयंतीची पत्रकं छापायची. मालकाला हे ठाऊक होतं. शाई सांडू नका, एवढंच तो म्हणायचा.

डागाळलेली, तिरकी छापली गेलेली पत्रकं पेणकरपाड्याच्या आमच्या खोलीत येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. शाळेत 'घर बघ' यायच्या आधी मला 'जाब विचारा' वाचता येत होतं.

पत्रकाबद्दल वडिलांचा एकच नियम होता. "ज्याच्याबद्दल जे छापलं ते चौकात उभं राहून, त्याच माणसाच्या तोंडावर म्हणता आलं पाहिजे. नाही आलं, तर कागद वाया गेला समजायचं." हा नियम मी इतक्यांदा ऐकला होता की तो माझाच आहे असं मला वाटायचं. तो माझा झालेला नव्हता, हे मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळलं, एका काटेरी झुडपापायी.

वनस्पतिशास्त्र मी आवडीनं घेतलं नव्हतं. वडिलांना मी वकील व्हायला हवी होते आणि मला कुणाशीतरी भांडायला मिळालं असतं तर काहीही चाललं असतं. फॉर्म भरायच्या दिवशी जी रांग लहान होती तिच्यात मी उभी राहिले. पण पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडम हातात एक केळफूल घेऊन वर्गात आल्या. बारीक चणीच्या, पन्नाशीला आलेल्या, कुणाकडे बघून हसायची सवय नसलेल्या बाई. केळफूल त्यांनी टेबलावर आपटल्यासारखं ठेवलं.

"याची भाजी कोण करतं?"

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"कशी?"

"वरची लाल पानं सोलून टाकायची मॅडम. मग आतली फुलं काढायची, ती निवडायची..."

"लाल पानं कुठे टाकतेस?"

"कचऱ्यात."

"तू कचऱ्यात टाकतेस तेच मी परीक्षेत विचारणार आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याला छद म्हणतात. लिहा."

छद म्हणजे ज्याच्या बगलेतून फूल निघतं ते पान. एवढीच व्याख्या त्यांनी दिली आणि मग तासभर आम्हाला आमच्याच गल्लीतल्या गोष्टी नव्यानं दाखवल्या. बोगनवेलीचा गुलाबी रंग फुलाचा नसतो, फूल असतं मधलं ते इवलंसं पांढरं, गुलाबी असतात ते छद. मक्याच्या कणसावरची साल म्हणजेही छद. अळूच्या जातीतल्या झाडांच्या फुलोऱ्याभोवती मोठा महाछद असतो, शालीसारखा गुंडाळलेला. रुळांच्या कडेला रानटी कृष्णकमळाची वेल वाढते, तिच्या कळीभोवती चिकट, केसाळ जाळी असते. ती जाळीही छदांचीच, आणि कळी खायला आलेले किडे तिच्यात अडकून मरतात. काही छद कळी उमलली की गळून जातात. काही फळ पिकेपर्यंत राहतात. कुठे छद एकच असतो, कुठे फुलाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बारके असतात, त्यांना छदक म्हणायचं. आणि पुष्कळदा दोन जुळ्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायला फुलाचा काही उपयोग होत नाही, तेव्हा बघावं लागतं फुलाखालच्या या पानाकडे.

मला ते फार पटलं. पत्रकं वाचून वाढलेल्या डोक्याला त्यात लगेच एक बाजू दिसली. मी वहीत लिहिलं, गजऱ्यात फूल जातं आणि राबणारं पान उकिरड्यावर. मॅडमनी वही तपासताना त्याखाली लाल पेननं लिहिलं, 'झाडाला पक्ष नसतो. आकृतीत देठ काढायचा राहिला आहे.'

तरी मी त्यांच्यामागे लागले. रविवारी त्या झाडं गोळा करायला जात, मी सोबत जाई. आणलेल्या फांद्या दाबायला माझ्याकडे पत्रकांचे गठ्ठे होते. अडुळसा एका मोर्चाच्या हाकेत दाबला गेला, कोरांटी एका निषेधाच्या सभेत.

आमच्या दारावर खाडीकाठच्या मोरवा गावची एक मावशी यायची. पंचावन्न-साठची, विधवा, डोक्यावर पाटी. पाटीत कधी चिखलातले निवटे मासे, कधी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणि पाटीच्या कडेला ओल्या फडक्यात अबोलीच्या वेण्या. अबोली तिच्या अंगणातली. आईकडे ती पाणी मागून प्यायची आणि दारात पाय पसरून बसायची. आमच्या वस्तीत सगळ्याच विक्रेत्या असं बसत नसत, म्हणून आईला तिचं अप्रूप होतं.

"काय गो बाय, अजून लगीन न्हाय केला?" ती मला दर खेपेला विचारायची.

"शिकतेय ना मावशी."

"काय शिकतंस?"

"झाडं."

"झाडा काय शिकाची रं देवा," ती आईकडे बघून म्हणायची. "ती तं आपली आपन वाडतान."

तिची चिंबोरी आणि तिचे निवटे यायचे मोरव्यामागच्या खाजणातून. भरतीचं पाणी आत शिरतं अशी ती चिखलाची, तिवरांची जमीन. तिचा नवरा तिथेच मासे धरायचा आणि त्याच्या मागे ती. दुसरं काही साधन तिच्याकडे नव्हतं, अबोलीची चार झुडपं सोडली तर. माझ्या शेवटच्या वर्षाला एका दुपारी ती आली तेव्हा पाटीत फक्त वेण्या होत्या.

"डंपर येतान," ती म्हणाली. "माती टाकतान. पानी आत येत न्हाय. चिंबोरी काय मातीत धरू?"

खाजणाचा तो तुकडा कुणीतरी घेतला होता आणि तिथे इमारती होणार होत्या. मिरा रोडला हे आम्ही रोजच बघत होतो, शेत होतं तिथे सहा महिन्यांत सळया उभ्या राहायच्या. पण मोरव्याच्या लोकांनी तक्रार केली होती आणि सरकारी पाहणी ठरली होती. पाहणी होईपर्यंत भरणी थांबणार होती. महिनाभर होता.

"तू लिवतंस ना गो?" मावशीनं विचारलं. "तुझा बाप कागद छापतो. आमच्यासाठी एक छाप."

मी त्या क्षणी हो म्हटलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या दारात पाय पसरून बसलं होतं.

पत्रक लिहायला बसले तेव्हा मात्र हात अडला. एका म्हातारीची चिंबोरी जाते आहे, हे कुणाला वाचून काय वाटणार? असे कागद मी शेकड्यांनी पाहिले होते. आमच्या खोलीत त्यांच्यावर भाजी निवडली जायची. मला असं काहीतरी हवं होतं ज्यापुढे पाहणीला येणाऱ्या साहेबाला थांबावंच लागेल. तेव्हा मला मॅडमचं एक वाक्य आठवलं. खाजणात मारांडी असते, काटेरी पानांची, निळसर फुलांची, सगळीकडे वाढणारी. तिच्या फुलाखाली एक छद आणि दोन बाजूंना दोन छदक असतात. पण तिची एक जुळी जात आहे, तिला हे दोन छदक नसतात आणि तिची फुलं पांढरट असतात. तिच्या लॅटिन नावाचाच अर्थ छद नसलेली. मॅडमच्या पुस्तकात ती आपल्याकडे आढळल्याची नोंद नव्हती. "सापडली तर मला पहिलं सांगा," असं त्या वर्गात म्हणाल्या होत्या, आणि तेवढंच एकदा त्या हसल्या होत्या.

माझी प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच आठवड्यात होती, स्वतः खाजणात जाणं जमेना. मी मावशीला म्हटलं, "खाजणातली मारांडी आणून द्याल? फुलांचा दांडा, देठासकट."

"ती काट्याची? ती कनाला?"

"कामाची आहे."

दोन दिवसांनी तिनं आणली. ओल्या फडक्यात सहा-सात दांडे, एकाला एक लावून, सुबक बांधलेले. फुलं कोमेजून फिकी पडली होती, जवळजवळ पांढरी. मी भिंग घेतलं. फुलांखाली छदक नव्हते. एकाही दांड्यावर नव्हते.

माझे कान तापले ते मला आजही आठवतं. मी पुन्हा बघितलं. फुलाच्या दोन्ही बाजूंना, जिथे छदक असायला हवे होते तिथे, टाचणीच्या डोक्याएवढे दोन फिके ठिपके होते. प्रत्येक फुलाखाली, दोन-दोन. ते मी पाहिले. ते काय असतील हा प्रश्नही मला पडला. मी भिंग खाली ठेवलं आणि लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना दांडे दाखवले.  तोवर फुलं तपकिरी झाली होती आणि दांडे सुकून ते फिके ठिपके पुसट झाले होते.

"रंग कोणता होता?"

"पांढरट."

"उभं झाड बघितलंस?"

"हो," मी म्हटलं.

मोरव्याचं खाजण मी पाहिलं होतं. मारांडीची उभी झाडंही पाहिली होती, कधीतरी, लांबून. तेव्हा 'हो' अगदीच खोटं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. हे उत्तर मला चौकात उभं राहून देता आलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

"मग पाहणीला मी येते," मॅडम म्हणाल्या.

पत्रक वडिलांनी त्याच संध्याकाळी छापायला घेतलं. खिळे जुळवणाऱ्या काकांनी पहिला कच्चा छाप हातात दिला आणि वडील हसत सुटले. वर ठळक अक्षरात आलं होतं, 'छंद नसलेली दुर्मीळ मारांडी'.

"बिचारीला काहीच छंद नाही का?" वडील म्हणाले. "पत्ते तरी?"

"मला काय माहीत, छद असा शब्द असतो ते," काका म्हणाले. "मला वाटलं पोर टिंब द्यायला विसरली."

अनुस्वाराचा तो एक ठिपका वडिलांनी चिमट्यानं काढला. मग सगळं पत्रक अक्षर अन् अक्षर दोनदा वाचलं. बुजवू, थांबवा, ऱ्हस्व, दीर्घ. आम्ही फार काळजी घेतली. चिंबोरी, निवटे, मोरव्यातल्या घरांचं पोट, भरतीचं पाणी अडलं तर पावसाळ्यात ते कुठे शिरेल, हे सगळं खालच्या परिच्छेदात होतं, बारीक अक्षरात. जागा उरली नव्हती.

पत्रक चाललं. मी ते मोरव्यात वाटलं, भाईंदरच्या बाजारात वाटलं, पेणकरपाड्यात वाटलं. ज्यांनी आयुष्यात झाडाकडे मान वळवली नव्हती ते 'ती दुर्मीळवाली' म्हणून विचारू लागले. आमच्या शेजारच्या भाभी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "सुना है तुम्हारे खाडी में सोने का झाड मिला है." मावशीला तर गावातले लोक चेष्टेनं नमस्कार करायचे. खाजण वाचणार असं तिला वाटू लागलं होतं. ते तिच्या चालण्यात दिसायचं.

पाहणीच्या दिवशी ओहोटी होती. बांधावर पंधरा-वीस माणसं उभी होती. जमीनवाल्याची दोन माणसं, गावातले लोक, मॅडम, मी, मावशी. पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांनी सोबत एक निवृत्त प्राध्यापक आणले होते, वनस्पतीचेच. धोतर नेसलेले, पायात रबरी बूट. बोलायला अगदी मऊ. बुजवलेल्या भागाच्या कडेला मारांडीचं मोठं रान उरलं होतं, निळ्या फुलांनी भरलेलं. मॅडमना मी पांढरट रंग सांगितला होता.

प्राध्यापकांनी एक दांडा तोडला. मग दुसरा. मग आत शिरून लांबचा एक. भिंगाची गरज त्यांना लागली नाही.

"हे बघ," ते मला म्हणाले, आणि नखाच्या टोकानं दाखवलं. "हा एक. हा दुसरा. छदक आहेत. साधीच आहे मुली, आपली नेहमीची." त्यांनी आणखी चार दांडे दाखवले. सगळ्यांवर, फुलागणिक दोन-दोन. मग त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं, त्यात टोमणा नव्हता, "तुला ही कुणी शिकवली?"



"मी शिकवली," मॅडम म्हणाल्या.

जमीनवाल्याच्या माणसांपैकी एकजण हसला. साहेबांनी पत्रकाची घडी केली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कुणीतरी चिंबोऱ्यांचं बोललं, पाण्याचं बोललं, मोरव्यातल्या एका काकांनी तर पत्रकाचा खालचा परिच्छेद मोठ्यानं वाचायला घेतला. पण साहेबांचा चेहरा बदलला होता. ज्या कागदाचा मथळा खोटा, त्याचं खालचं बारीक अक्षर कोण खरं मानणार? मीही मानलं नसतं.

माणसं पांगल्यावर मी मावशीला गाठलं.

"मावशी, तुम्ही मला आणून दिलेली मारांडी कुठली होती?"

"हीच की. या झाडाची."

"अशीच होती?"

"अशी कशी देईन गो तुला?" ती म्हणाली. "काटा लागंल हाताला. निवडून आनली व्हती. फुलाखालचा कचरा काढला, बारीक बारीक पाना व्हती ती खुडली. अबोलीचा करतो तसाच. एक पहाट गेली माजी."

ती बोलत असताना मी तिच्या बोटांकडे बघत होते. अंगठ्याचं नख अबोलीनं कायमचं केशरी झालेलं.

"काय चुकला काय गो?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "काही नाही."

परतताना बसथांब्यावर मॅडम माझ्यापासून जरा लांब उभ्या होत्या. मग स्वतःच जवळ आल्या.

"गळलेल्या पानाची खूण राहते," त्या म्हणाल्या. "खुडलेल्याचीही राहते. तुला दोन खुणा दिसल्या होत्या?"

"हो."

"मग फांदीनं तुला खरं सांगितलं होतं." बस आली. त्या चढल्या. मी पुढची बस घेतली.

घरी सगळं सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि विचारलं, "मग शुद्धिपत्र कधी लिहितेस?"

"कशाला? पाहणीत सगळ्यांना कळलंच आहे."

"सगळ्यांना नाही. वीस जणांना कळलं. कागद किती जणांना दिला?"

"आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा आप्पा? त्यांना आयतं मिळेल."

"तोंडावर म्हणता येत नाही, हेच ना?"

मी रडले. रागानं रडले. वडील म्हणाले, "त्या बाईचा उल्लेख येता कामा नये. तिनं तुझ्या हाताला काटा लागू नये म्हणून केलं. चूक तुझी आहे. छापली माझ्या हातानं, म्हणजे माझीही."

मी लिहिलं. आमच्या मागील पत्रकात मोरव्याच्या खाजणातील मारांडी दुर्मीळ जातीची असल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. नमुना नीट न तपासता आम्ही तसे छापले, याबद्दल आम्ही वाचकांची क्षमा मागतो. मात्र खाजणावर मोरव्यातील अनेक घरांचे पोट चालते, भरतीचे पाणी अडवणे धोक्याचे आहे, आणि खाजण बुजवू नये ही मागणी कायम आहे.

या वेळी खालचा भाग वरच्याइतक्याच मोठ्या अक्षरात होता.

शुद्धिपत्र मी त्याच जागी उभी राहून वाटलं जिथे पहिलं पत्रक वाटलं होतं. लोक ते घेत, वाचत, आणि माझ्याकडे बघत. दोन दिवसांनी भाईंदरच्या बाजारात मला दिसलं की माझं शुद्धिपत्र माझ्याआधीच सगळीकडे पोचलं आहे. रिक्षांच्या काचेमागे, पानाच्या गादीवर, मोरव्याच्या वेशीवरच्या खांबावर. ते झेरॉक्स होतं. 'क्षमा मागतो' पर्यंतच होतं. 'मात्र' पासून खालचा कागद कापला होता.

जमीनवाल्याच्या त्या हसणाऱ्या माणसानं मला बाजारात ओळखलं.

"मॅडम, ये आपका ही लिखा हुआ है ना?" तो म्हणाला. "बहुत अच्छा लिखा है. एकदम साफ."

 प्रत्येक शब्द माझाच होता. तेवढेच शब्द.

वडिलांना मी ती झेरॉक्स दाखवली. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आपला नियम चुकला असं ते म्हणाले नाहीत, आणि बरोबर होता असंही नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला पत्रकाचा मजकूर विचारला नाही. मीही दिला नाही. ही गोष्ट आमच्यात अजून तशीच आहे.

भरणी पाऊस लागायच्या आत पूर्ण झाली. बांध सपाट केला. मी मोरव्याला जायचं टाळत होते. मावशी आमच्या दारावर यायची बंद झाली होती, तिच्या पाटीत आता आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई कधीतरी विचारायची, ती मोरव्याची कशी आहे गं, आणि मी म्हणायची, बरी असेल.

मग पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती दारात उभी राहिली. पाटी नव्हती. हातात एक कापडी पिशवी. अंगानं निम्मी झालेली. एका बाईकडे, तिकडे नव्या इमारतींत, भांडी घासायला जाते म्हणाली. सिल्व्हर पार्कच्या बाजूला. आईनं पाणी दिलं. ती दारात बसली, पण पाय पसरले नाहीत. माझ्या लग्नाचं विचारलं नाही.

"खाजनाच्या कडेला एक झाड ऱ्हायला हाय," ती म्हणाली. "गटाराच्या पान्यावर जगला. फुल्ला यंदा."

पिशवीतून तिनं एक दांडा काढला. मारांडीचा. काटेरी पानांसकट, मुळाशी चिखल लागलेला. तिच्या बोटांना दोन-तीन ठिकाणी ओरखडे होते. दांडा तिनं माझ्या पुढ्यात धरला.

"साफ न्हाय केला," ती म्हणाली. "तसाच आनलाय. बघ, तुझी पाना हायत का."

कधीपासून तिला माहीत होतं, कुणी सांगितलं, की बांधावर माझा चेहरा बघूनच तिला कळलं होतं, हे मी विचारलं नाही. ती माझ्याकडे रोखून बघत होती आणि तिला उत्तर हवं होतं. मी दांडा घेतला. काटा तळहातात गेला. निळ्या फुलाखाली एक छद होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, हिरवी पानं होती, एकेका फुलाखाली दोन-दोन.

"आहेत मावशी," मी म्हटलं. "तेव्हाही होती."

तिनं मान हलवली. पाण्याचं भांडं रिकामं करून उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि भांड्यांची वेळ झाली म्हणून ती उठली.